बुडीतातलं नाव
उसाच्या रसाचा वास आला की मला पालमची पतसंस्था आठवते, जिथं मी संगणकावर बुडीत कर्जांच्या अंदाजाचा अहवाल काढायचो. ऊसतोडीला गेलेली माणसं उन्हाळ्यात परतून सगळे हप्ते एकदम भरायची, पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये नव्वद दिवस थकलेलं नाव आपोआप बुडीतात जायचं. मी ही अडचण सांगितली तेव्हा मुख्य कार्यालयातले साहेब फोनवर म्हणाले, "सूत्र सगळ्यांना एकच." चैत्रात एका बाईनं उसाच्या धारदार पाचटानं चिरलेल्या हातांनी सगळी बाकी भरली आणि शिलाई मशीनसाठी नवं कर्ज मागितलं. नाव मात्र बुडीतातून निघेना. ती म्हणाली, "जायच्या आदी तुमालाच इचारलं व्हतं की, आल्यावर भरलं तर चालल का म्हणून." मी तेव्हा हो म्हणालो होतो. अहवाल मी आजही काढतो, आता दुसऱ्या संस्थेत; हो मात्र कुणाला म्हणत नाही.