अक्काचा पाय केसमध्ये नव्हता

परीक्षेची सकाळ होती. साठच्या दशकातलं बंगलोर, सरकारी हॉस्पिटलातला बायकांचा वॉर्ड. मी तिथे मेडिसिनची ट्यूटर होते... पोरांना पेशंटची हिस्टरी घ्यायला शिकवायचं आणि परीक्षकांसमोर केस कशी मांडायची ते घोटून घ्यायचं, हे माझं काम.

परीक्षेला 'चांगली केस' लागते. म्हणजे रोगाची लक्षणं ठळक दिसणारा पेशंट. आमची हुकमी केस म्हणजे अक्का. निपाणीकडची मराठी बाई, नवरा मल्लेश्वरमच्या बाजूला गिरणीत. हृदयाची झडप आकसलेली. परीक्षा जवळ आली की आम्ही तिला आधीच भरती करून घ्यायचो आणि ती आनंदानं यायची.

इतक्या पोरांनी तपासलं होतं की स्वतःची हिस्टरी तिला पाठ झाली होती. लहानपणी सांधे सुजले, जिना चढताना दम लागतो, झोपताना दोन उशा लागतात... सगळं याच क्रमानं. पोरगं अडलं तर पुढचा प्रश्नही तीच सुचवायची. हृदयाचे ठोके ऐकायची वेळ आली की न सांगता डाव्या कुशीवर वळायची. अक्का अर्धी डॉक्टर झालीय म्हणून सगळा वॉर्ड हसायचा.

त्या दिवशी तिच्या वाट्याला आलेला मुलगा आधीच्या खेपेला नापास झालेला. पण केस मांडली ती मात्र अस्खलित. शेवटी नेहमीचं वाक्यही म्हणाला... हातापायांच्या सगळ्या नाड्या व्यवस्थित लागतात. परीक्षक खूश झाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

मी अक्काला शाबासकी द्यायला थांबले, तर तिचा चेहरा पांढराफटक. घामानं उशी भिजलेली. माझा हात धरून हळूच म्हणाली, "बाई, उजवा पाय मेलाय वो, सकाळधरनं. लई ठणकतोय."

चादर बाजूला केली. पाय गार, निळसर... नाडी नाहीच. हृदयातली रक्ताची गुठळी सुटून पायात जाऊन अडकली होती. अशा वेळी घटकाघटका मोलाची असते आणि इथे सगळी सकाळ गेली होती.

मी ओरडलेच तिच्यावर. सांगितलं का नाहीस?

"त्याच्या परीक्षेत पाय कुठं हुता?" ती म्हणाली. "मधीच पायाचं काढलं असतं तर पोरगं बावचळलं असतं. आधीच एकदा नापास झालंय."

पाय कापावा लागला. तिचं हृदय ते सोसण्यातलं नव्हतं. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं असेल? "पास झालं का पोरगं?" झाला होता, मार्क आधीच दिले गेले होते. मी तसं सांगितलं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच कानडीत म्हणाली... आठवडाही काढला नाही तिनं.

त्या मुलाला मीच गाठलं. गोडीगुलाबीनं बोलणं माझ्या स्वभावात नाही. चादरीखाली हातही न घालता तू नाड्या लागतात म्हणालास आणि तेव्हा तो पाय मरत होता, हे त्याच्या तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "पण मॅडम, अक्कांनी मला सांगितलं का नाही?"

"आज काय होतंय, असं तू विचारलंस का?" मी म्हटलं.

पुढे माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला मी पहिला प्रश्न तोच विचारायला लावला. जुन्या पेशंटलासुद्धा... जुन्याला तर आधी.

अजूनही मला तिचा राग येतो. एवढा चांगुलपणा कशाला हवा होता बाई? मग वाटतं, तिला तरी काय बोलायचं... आम्ही तिला 'चांगली केस, चांगली केस' इतकं म्हणत राहिलो, की आपल्याला दुखतंय हे सांगायचीच तिला चोरी झाली.