हे बी उपाशी

नाईक पुस्तक परत करताना ते टेबलावर ठेवत नसत, आपटत. वर म्हणत, "घ्या बाई. हे बी उपाशी."

मुलांनो, साठ सालच्या आसपास मी पांढरकवड्याचं वाचनालय सांभाळत होते. माझे नियम दोनच. हळू बोलावं आणि पुस्तक जपून हाताळावं. नाईकांना दोन्ही मान्य नव्हते. ते जवळच्या बंजारा तांड्याचे प्रमुख, म्हणून सगळे त्यांना नाईकच म्हणत. आवाज बैल हाकण्यासाठी घडवलेला. वाचायचे फक्त राजे आणि लढाया, ओठ हलवत, अक्षर न् अक्षर. आणि प्रत्येक पुस्तकाशी त्यांचं एकच भांडण.

"किल्ल्याले महिनाभर वेढा. एवढा माणूस, एवढे घोडे. खाऊन काय राह्यले होते, हवा?"

त्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून फौजांमागे मुलूख पालथा घातला होता. त्यातल्या नावाजलेल्या बैलांची नावं नाईकांच्या आईला तोंडपाठ होती. पुस्तकांत मात्र एक बैल सापडत नव्हता.

एकदा म्हणाले, "इंग्रजाच्या बुकात पाहा ना." मी शोधलं. सापडलं ते वाचून दाखवायला माझी जीभ रेटेना, पण नाईकांनी वाचायला लावलंच. साहेबाने बंजाऱ्यांना चोर लिहिलं होतं.

नाईक आधी लालबुंद झाले, मग हसले. "लिवलं म्हणजे पाह्यलं तरी होतं. आपल्यावाल्यायनं तं पाह्यलंच नाही!"

वाचनालयाचे अध्यक्ष वकीलसाहेब तेव्हा आपल्या मुलखातल्या लढायांवर पुस्तक लिहीत होते. ते तांड्यावर जाऊन राहिले, म्हाताऱ्यांना बोलतं केलं, पोटभर जेवले. निघताना शब्द दिला, "नाईक, एक पूर्ण प्रकरण तुमचं." त्यानंतर वर्षभर नाईकांनी एकही पुस्तक आपटलं नाही. हे पुस्तक यायचं होतं ना!

प्रकाशनाला नागपूरचे पाहुणे येणार होते आणि दुपारचं जेवण वाचनालयाच्या अंगणात होतं. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, तूप सगळं नाईकांनी हौसेने कबूल केलेलं. सकाळी ते स्वतः बैलगाडी हाकत आले, डोक्याला कोरा फेटा. मी वाचनालयासाठी आलेली पहिली प्रत त्यांच्या हाती दिली. गाडीवर बसूनच ते पानं उलटू लागले. शेवटपर्यंत गेले, पुन्हा पहिल्यापासून आले. मग ओठ हलायचे थांबले.

"वकीलसाहेब, आमचं प्रकरण कुठी आहे?"

"अहो, जागा पुरली नाही. आणि इतिहास म्हणजे शेवटी लढाया. सामान वाहणाऱ्यांचा कसला इतिहास? ते राहू द्या, आधी पोती उतरवा. आचारी खोळंबलेत."

"काहून? फौजेले जेवाले लागते कुठी?"

त्यांनी पुस्तक कमरेला खोचलं आणि भरलेली गाडी वळवली.

वकीलसाहेब माझ्यावर ओरडले, "बाई, अडवा त्यांना!" मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'शांतता राखा.' असा राग मला आयुष्यात क्वचित आला असेल. ज्यांच्या ताटात जेवले त्यांनाच पुसून टाकलं, आणि वर पुन्हा ताट मागत होते!

पाहुण्यांना वाटीभर चिवडा मिळाला. व्यासपीठावर शौर्य, बलिदान चाललं होतं आणि पहिल्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला हळूच विचारत होते, "जेवणाचं काय झालं हो?"

नाईक पुन्हा वाचनालयात आले नाहीत. वाचनालयाच्या समितीने पुस्तक परत मागायला शिपाई धाडला, तर उलट निरोप आला, "बाईले सांगा, बुक उपाशी आहे. जेवलं की पाठवतो."

त्या वाक्याला हसायचे ते लोक हसले. मला हसू आलं नाही.

दोन-तीन वर्षांनी नाईक वारले. पुढे त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, 'सुधारून वाढवलेली'. वकीलसाहेबांनी ती स्वतः आणून माझ्या हाती दिली. मी उभ्या उभ्या पान न् पान पाहिलं आणि ती टेबलावर अशी आपटली की वाचणाऱ्यांची सगळी डोकी वर झाली.