प्रज्ञाताई आणि त्रेचाळीस इंच

माझी नोकरी वाचवली ती प्रज्ञाताईंनी. हे आधीच लिहून टाकतो. कारण पुढं जे सांगणार आहे त्यात त्या मला गाढव म्हणाल्यात, बैल म्हणाल्यात आणि एकदा तर भिजलेलं पोतं म्हणाल्यात. त्यावरून वाचणाऱ्याला वाटायचं, ही बाई माझ्या वाईटावर होती.

चाकणच्या चौकाजवळ त्यांचा कॉम्प्युटरचा गाळा होता. वडील कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो लेकीला घेऊन दिलेला. ताई पिंपरीहून रोज स्कूटरवर यायच्या, शटर वर करायच्या आणि दिवसभर गिऱ्हाइकांचा अपमान करायच्या. गेमिंगसाठी स्क्रीन घ्यायला आलेल्या माणसाला त्या किंमत सांगायच्याच नाहीत. समोरच्या स्टुलाकडं बोट करून म्हणायच्या, "आधी बूड कुठं टेकणार ते सांग, मग इंच बोलू." मग त्याला हात लांब करायला लावायच्या. बोटं जिथं पोचली तिथं स्क्रीन, आणि तिथून जेवढा एका नजरेत मावेल तेवढाच मोठा. यापेक्षा मोठा मागणाऱ्याला त्या विचारायच्या, "पिक्चरचं थेटर टाकायचंय का भावा? मग तिकिटं पण छाप."

वाकणाऱ्या, म्हणजे कडेनं वळलेल्या स्क्रीनला त्या कढई म्हणायच्या. रंगीत दिवे लागणारा कीबोर्ड मागितला की म्हणायच्या, "लग्न कुणाचंय?" सगळ्यात जास्त राग त्यांना एकाच वाक्याचा. 'ताई, सगळ्यात मोठा दाखवा.' ते ऐकलं की त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं व्हायचं.

एकदा वाकडहून एक आयटीवाला आला. एवढा लांब स्क्रीन मागत होता की त्यावर माणूस आडवा झोपेल. ताई सरसावून बसल्या. पण त्यानं टेबलाचं माप आणलेलं, खुर्चीपासूनचं अंतर आणलेलं, कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड किती ओढतं तेही त्याला पाठ. ताईंनी मुकाट्यानं माल दिला. तो गेल्यावर म्हणाल्या, "शहाणा होता. दिवस वाया गेला."

मी त्यांच्याकडं गेलो तो भीतीनं. मी हिंगोलीकडचा, नववीत शाळा सोडलेला. चाकणजवळच्या निघोज्यात एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलेलो, लाइनच्या शेवटी पॅकिंगला. आधी प्रत्येक मालावर आकड्याची चिठ्ठी असायची, ती वाचून त्या आकड्याच्या पेटीत माल टाकायचा. मग चिठ्ठ्या गेल्या आणि वर एक बोर्ड टांगला. त्यावर लाल आकडे लागायचे, मला ते एकमेकांत मिसळलेले दिसायचे. माझा माल दोनदा चुकीच्या पेटीत गेला. सुपरवायझर म्हणाला, "गजा, आणखी एकदा झालं तर गेटपास जमा करायचा. तुझ्यासाठी लाइन थांबवू का मी?"

खोलीवरच्या सगळ्यांनी निकाल देऊन टाकला की माझे डोळे गेमनं गेले. मलाही ते पटलं. घरी परत जायचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आई काही विचारणार नाही, ताट वाढेल. तेच मला नको होतं.

आता आमच्या खोलीची अक्कल सांगतो. माणसं सहा, कॉट तीन. एक शिफ्टला गेला की दुसरा त्याच्या जागी पडतो. दोन पावलं टाकली की समोरची भिंत. अशा खोलीत आम्ही वर्गणी काढून त्रेचाळीस इंची टीव्ही आणला होता, बंद पडलेल्या सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरला जोडून गेम खेळायला. शेजारच्या खोलीत बत्तीस इंची होता, म्हणून. गावाकडं वरच्या आळीच्या मंडळानं मोठी मूर्ती आणली की खालच्या आळीनं त्याहून मोठी आणायची, तसंच. आमचे अध्यक्ष बालाजीदादा, नांदेडचे, वयानं आणि आवाजानं सगळ्यांत मोठे. दुकानात त्यांनी विचारलं, "कोणता घ्यायचा रे?" तेव्हा सगळ्यात मोठ्यावर बोट मीच ठेवलं होतं.

ताईंना मी म्हणालो, "डोळ्याला त्रास होणार नाही असा एखादा स्क्रीन आहे का? नाहीतर निळ्या काचेचा चष्मा?"

"आत्ता कसला आहे?"

"त्रेचाळीस इंच. फोर के."

"बस स्टुलावर. हात लांब कर. घरी बसतोस तिथून स्क्रीनला हात लागतो का?"

मी खरं ते सांगितलं. "पाय लागतो, ताई. कॉटवर आडवं झालं की."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले. "पाय लागतो," त्या छताला म्हणाल्या. "ह्याचा पाय लागतो. गाढवा, तू टीव्ही बघत नाहीस, त्याच्यात नांदतोयस. आणि कार्ड कोणतं आहे?"

मी नाव सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "फोर केवर ठेवलं की गेम अडकत अडकत चालतो ना? अडकणारच. फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात त्यात. एका पेंटरला चारपट भिंत दिलीस आणि वर म्हणतोस तेवढ्याच वेळात संपव. मग कमी करून फुल एचडीवर आणलंत, की सगळं रांगोळी विस्कटल्यासारखं. बरोबर? तेवढ्याच पिठाची भाकरी परातीएवढी थापलीत तर भोकंच पडणार राव."

"मग डोळे त्याच्यामुळंच गेले ना ताई?"

"स्क्रीननं डोळे थकतात, जात नाहीत. गुरुवारी येते. तुमचं ते टीव्हीचं मंदिर बघायचंय मला."

गुरुवार म्हणजे आमच्याकडं कंपन्यांची सुट्टी. ताई खरंच आल्या, स्कूटरवर पायांत एक खोकं घेऊन. दारातच थांबून त्यांनी टीव्हीकडं पाहिलं. त्याला हार घातलेला नव्हता एवढंच. डाव्या कोपऱ्यापुढं पिठाचा डबा, उजवीकडं कुणाची तरी ओली बनियन.

"विसर्जन कधी आहे?" त्यांनी विचारलं.

बालाजीदादांना ते लागलं. "कामून हसायलात ताई? अख्ख्या बिल्डिंगीत एवढा टीव्ही कुणाकडं न्हाई."

"म्हणूनच अख्ख्या बिल्डिंगीत कुणाची मान दुखत नाही. तुमची दुखते का हो?"

दादांनी मानेवरचा हात काढला.

ताईंनी खोक्यातून एक चोवीस इंची मॉनिटर काढला, कुणीतरी मोठा घेताना बदलून दिलेला. एका पालथ्या क्रेटवर ठेवला, तारा जोडल्या, फुल एचडीवर लावला. "खेळा अध्यक्ष," म्हणाल्या. दादांनी नाक मुरडलं. एवढासा स्क्रीन म्हणजे दादांच्या लेखी पाहुण्याला अर्धा कप चहा. पण बसले. आमचा गेम गोळीबाराचा. दादांचा त्यात एकच नेम होता, आत शिरायचं आणि मरायचं. त्या दिवशी ते बराच वेळ मेलेच नाहीत. मग एकदम ओरडले, "आरं, ह्या कोपऱ्यात तर नकाशा हाय! शत्रू कुठं हाय ते दाखवायलाय की हे!"

"तो पहिल्यापासून आहे," ताई म्हणाल्या. "तुम्ही त्याच्यापुढं डबा ठेवला होता. पीठ राखत होतात, जीव नाही."

सगळी खोली हसली. दादाही हसले, पण टीव्ही विकायचा विषय निघताच त्यांचा चेहरा पडला. वर्गणी त्यांनी फिरवली होती, फोटो त्यांनी गावाला पाठवले होते. ताईंनी ते पाहिलं असणार. म्हणाल्या, "टीव्ही चांगला आहे. त्याला अंतर द्या, एवढंच. खाली पार्किंगच्या भिंतीवर लावा आणि मॅचच्या दिवशी सगळ्या बिल्डिंगीला बसवा. अध्यक्ष व्हायचं तर माणसं जमवा, खोलीत कोंडून कोण अध्यक्ष होतं?" दादांची छाती पुन्हा भरली. तुच्छतेनं बोलता बोलता माणसाची अब्रू शाबूत ठेवायची, ही त्यांची तऱ्हा मी पुढं बऱ्याचदा पाहिली. त्यांच्या तोंडावर हे म्हणालो असतो तर त्यांनी हाकललं असतं.

मग माझी पाळी आली. मी बसलो, खेळायला लागलो. ताई मागं उभ्या होत्या.

"पुढं का वाकलास?"

"सवय आहे."

"मागं हो. पाठ टेक." मी टेकली. "वर कोपऱ्यात कोण मेलं त्याची नावं येतात. वाच."

मी डोळे बारीक केले. नावं म्हणजे पांढऱ्या रेघा होत्या. मला वाटलं, जुना माल आहे, पुसट दिसत असेल. "हा स्क्रीनच तसा आहे ताई."

"अध्यक्ष, तुम्ही वाचा," ताई म्हणाल्या. दादांनी दारातून, उभ्या उभ्या, सगळी नावं घडाघडा वाचली.

ताई माझ्यासमोर खाली बसल्या. आवाज बदलला होता. "मोठा टीव्ही घ्या असं कोण म्हणालं होतं?"

"मीच."

"का?"

"त्याच्यावर दिसायचं."

"आणि शाळा का सोडलीस?"

"डोकं चालत नव्हतं. फळ्यावरचं उतरवून व्हायचंच नाही. बाकीच्यांचं व्हायचं."

"तुला फळ्यावरचं दिसायचं?"

मला प्रश्नच कळला नाही. फळा म्हणजे लांबचा, लांबचं कुणालाच धड दिसत नाही, हुशार पोरं अंदाजानं लिहितात, अशी माझी समजूत. मी ते तसंच सांगितलं.

त्यानंतर ताईंनी जे तोंड सोडलं ते मला इथं लिहिता येणार नाही. त्यात माझे मास्तर होते, मी होतो, सुपरवायझर होता, तो बोर्ड टांगणारा होता आणि वर्गात ज्याला दिसत होतं असा प्रत्येक पोरगा होता. "भिजलेलं पोतं नुसतं! ज्यानं त्यानं उचलून मागच्या बाकावर टाकलं आणि हा पडून राहिला! एकदा तरी म्हणायचं ना रे, सर, दिसत नाही!" मी काय म्हणणार? दिसत नाही हे कळायला आधी दिसावं लागतं. पण त्यांच्यापुढं तेवढं सुचलं नाही. मी फक्त म्हणालो, "ताई, नोकरी जाईल का?"

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या.

स्कूटरवर मागं बसवून त्यांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. समोरची अक्षरं चुकली की डॉक्टर ओरडतील असं वाटत होतं. ताई बाहेरून दारातूनच म्हणाल्या, "पाठ करून आलेला नाहीये तो, डॉक्टर. नीट तपासा." डॉक्टरांनी भिंगं बदलली, आणि अक्षरं एकेक करून उभी राहिली. मी ती वाचायची सोडून नुसता बघत बसलो.

चष्मा आला त्या दिवशी मला कळलं की बालाजीदादा मिशीला रंग लावतात. लाइनवर गेलो तर वरच्या बोर्डावर लाल आकड्यांच्या खाली मराठीत एक ओळही होती, 'पेटी तपासूनच भरा.' एवढे दिवस ती तिथं होती. सुपरवायझर मागं येऊन उभा राहिला. मी पेट्या ओढत राहिलो. शिफ्ट सुटताना तो चष्म्याकडं बघून म्हणाला, "आता कसं साहेब दिसतोस," आणि गेला. गेटपास माझ्याच खिशात राहिला.

आभार मानायला गेलो तर ताई म्हणाल्या, "मी काय केलं? स्क्रीन विकायला आले होते, गिऱ्हाईक आंधळं निघालं. आता सत्तावीस इंच मागायला येऊ नकोस. आधी कार्ड बदल, मग ठिपके वाढव, मग इंच. उलटं करणारे बैल रोज येतात माझ्याकडं."

पुढं रस्ता रुंद करताना त्या ओळीतले सगळे गाळे गेले. ताईंचाही गेला. बरेच दिवस त्यांचा पत्ता नव्हता. मग मागच्या महिन्यात मी आणि दादा वाकडच्या एका मॉलमध्ये गेलो होतो, नुसतं फिरायला. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एका भिंतीएवढ्या स्क्रीनपुढं ताई उभ्या होत्या. निळा टी-शर्ट, छातीवर नावाची पट्टी. एक बाप आणि त्याचा मुलगा समोर. बाप म्हणत होता, "गेमिंगसाठी सगळ्यात मोठा दाखवा." आता ह्याचा अपमान होणार, असं वाटलं.

ताई म्हणाल्या, "नक्की, सर. हा बघा, खूप छान चॉइस आहे."

आणि हसल्या. असलं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं, कुणीतरी बाहेरून चिकटवल्यासारखं. गिऱ्हाईक बिल करायला गेल्यावर त्यांनी मला पाहिलं. चष्म्याकडं आधी, मग माझ्याकडं.

"काच पुस," म्हणाल्या. "किती घाण केलीयेस."

"ताई, त्या माणसाला विचारलं नाही तुम्ही, कुठं बसणार ते?"

"विचारलं की वरचा साहेब विचारतो, माल का गेला नाही." त्या इकडंतिकडं बघत हळूच म्हणाल्या, "दिवसभर हसायला लागतं रे गजा. गाल दुखतात."

दादा पुढं काहीतरी गमतीचं बोलायला गेले, पण मी त्यांना ओढून बाहेर आणलं. मला तिथं उभं राहवेना. ज्या बाईनं मला बघायला शिकवलं, तिला असं बघायला नको वाटलं.

मी अजून ठेकेदाराचाच माणूस आहे. माझं उद्याचं काही खरं नसतं. तरी लिहून ठेवतो, म्हणजे मागं फिरता येणार नाही. ताई, एक दिवस मी चाकणमध्ये नाहीतर आळंदीच्या रस्त्याला एक गाळा घेईन. लहान असेल, पण शटर तुमच्या हातात असेल. तिथं येणाऱ्या प्रत्येक शहाण्याला तुम्ही तोंडावर गाढव म्हणायचं, आणि तुमच्या मनात येत नाही तोवर हसायचं नाही.