बारदान वजा जाता

माझं ऑपरेशन झालं तेव्हा धुळ्यात आमच्या अख्ख्या देवपुरात एकच चौकशी चालली होती, की निघालं किती? लोकांना वाटायचं, डॉक्टरनं पोट उघडून चरबीचा गोळा काढला असेल आणि बादलीत टाकला असेल. शेजारच्या काकूंनी तर दोन्ही हातांनी पातेल्याचा आकार करून विचारलं, "एवढं?" मी सांगून सांगून थकले की बाई, काहीच काढत नाहीत. आतल्या पोटाला टाके घालून ते वाटीएवढं करतात, झंपर आत घ्यायला टीप मारतात तसं. मग खाणं कमी जातं आणि वजन हळूहळू उतरतं. काकू म्हणाल्या, "आणि टीप उसवली तर?" हा प्रश्न मी मुंबईच्या डॉक्टरलाही विचारला होता. त्याला विनोद कळत नव्हता.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. धुळ्यात असं ऑपरेशन कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. मी सदतीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी बाई, वजन एकशे अडतीस किलो. नवरा दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. तो म्हणाला, "तुला करायचंय तर कर." या माणसानं लग्नालाही असाच होकार दिला होता.

डॉक्टरला मी कारण सांगितलं गुडघ्यांचं. शाळेचा वर्ग वरच्या मजल्यावर गेला होता, तेही खरंच. पण खरं कारण होतं अखाजीचा झोका.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे अखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात, गाणी म्हणत झुलतात. बाकी वर्षभर सासरी काय ते सोसायचं, पण अखाजीला झोक्यावर बसलेल्या लेकीला कुणी उतर म्हणत नाही. मला म्हटलं. पंधरा वर्षांची होते. बसले, दोर करकरला, आणि माझा मोठा भाऊ सगळ्या पोरींसमोर ओरडला, "उतर, उतर! दोर एका क्विंटलचाच आहे!" पोरी हसून हसून लोळल्या. मी तेव्हा सत्तर किलोसुद्धा नसेन. पण उतरले ती उतरलेच. पुढची बावीस वर्षं मी झोक्याच्या मागे उभी राहून दुसऱ्यांना धक्के देत होते. माझ्या धक्क्यानं आमच्या घराण्यातल्या सगळ्या बारक्या पोरी आभाळ बघून आल्या.

तर माझं ठरलं होतं, एक क्विंटल. अखाजीपर्यंत शंभरावर यायचं आणि झोक्यावर बसायचं. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन, वैशाखात अखाजी. गणिताच्या बाईंचा हिशोब चोख होता.

पहिली अडचण, मला मोजायचं कशावर? दवाखान्यातला काटा एकशेवीसला संपायचा आणि माझ्या पायाखाली तो आधीच संपायचा. डॉक्टरला तर दर आठवड्याला पोस्टकार्डानं वजन कळवायचं होतं. शेवटी भाऊच म्हणाला, "आपल्या आडतीवर ये ना." भावाची मार्केट यार्डात धान्याची आडत होती, वडिलांच्या वेळची. तिथे पोती मोजायचा काटा होता. खाली लोखंडी पाटा, वर दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन. अशा रीतीनं मी माणसांतून उठले आणि ज्वारी-बाजरीत जाऊन बसले.

काट्यावर म्हातारे मापाडी आबा. माल मोजायचं काम त्यांचं. वडिलांच्या वेळेपासून तेच मोजत होते आणि मला परकरात असल्यापासून ओळखत होते. मोजणी सुरू करताना ते 'एक' कधी म्हणत नसत. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. एकानं सुरुवात केली तर बरकत जाते, असा त्यांचा पक्का समज. ऑपरेशनच्या आधीच्या सोमवारी, लिलाव सुरू व्हायच्या आत, मी पहिल्यांदा पाट्यावर चढले. दांडीकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. आबा म्हणाले, "उभी ऱ्हाय माय, हालू नको." मग वजन सरकवल्याचा आवाज आला. "लाभ! एक क्विंटल एकोणचाळीस. बारदान वजा, अडतीस."

"बारदान?" मी विचारलं.

"तुनी साडी," आबा म्हणाले. "पोतानं वजन मालमा धरतस का?"

बारदान म्हणजे रिकामं पोतं. मालाच्या वजनातून त्याचा किलोभर वजा करायचा हा बाजाराचा नियम, आणि आबांनी तो माझ्या सुती साडीला लावला. इतक्या सन्मानानं माझं वजन कुणीच केलं नव्हतं.

ऑपरेशननंतर महिनाभर मुगाचं पाणी आणि पेज. मग वाटीभर मऊ भात, तोही दहा वेळा चावून. चौथा घास घेतला की छातीत धोंडा बसायचा. त्यात हिवाळा म्हणजे आमच्या खान्देशात भरिताचे दिवस. जळगावला नणंदेकडे गेले तर अंगणात वांगी भाजणं चाललेलं, तेलाचा, मिरचीचा, कांद्याच्या पातीचा वास गल्लीभर, आणि पंगतीत मी आपली वाटी आणि चमचा घेऊन बसलेली, दात न आलेल्या लेकरासारखी. नणंद म्हणाली, "वहिनी, एक भाकरी खाल्ल्यानं काय होतंय?" तिला सांगितलं, उलटी होते. मग तिनं आग्रह केला नाही, पण मला शेवटच्या पानावर हलवलं.

आणि एवढं करून सोमवारी आबा काय सांगायचे? "अडीच किलो उतरनं." "तीन किलो उतरनं." मी मनातल्या मनात डॉक्टरला शिव्या घालायचे. तो म्हणाला होता, सुरुवातीला भराभर उतरेल. उतरत होतं, पण भराभर वगैरे काही नव्हतं. संक्रांतीला आबांनी सांगितलं एकशे अकरा. त्यानंतर तर आणखीच हळू, दर सोमवारी अर्धा किलो. अर्धा किलो म्हणजे काय हो? अर्धा किलो म्हणजे दोन पाव शेव. आठवडाभर जीव मारायचा आणि दोन पाव शेवेएवढं कमी व्हायचं. रविवारी रात्री मी ठरवायचे, बास झालं, उद्या आडतीवर जायचं नाही, सरळ हॉटेलात जाऊन शेवभाजी मागवायची. पण सोमवारी पाय नदीच्या पुलावरून आडतीकडेच वळायचे. आबा म्हणायचे, "अर्धा उतरनं, माय." आणि त्या अर्ध्यावर मी पुढचा आठवडा ढकलायचे. चिडत ढकलायचे, पण ढकलायचे.

होळीच्या सुमारास आबांनी सांगितलं एकशे सात. त्याच्या पुढच्या सोमवारी आबा भाचीच्या लग्नाला बोदवडला गेले होते. काट्यावर दुसराच मापाडी. त्यानं पाहिलं आणि सांगितलं, "एकशे चार, बाई."

बारदान वजा करून एकशे तीन. मी म्हटलं, परत बघा. त्यानं परत बघितलं. तिसऱ्यांदा मीच मान वळवली आणि दांडीवरचा आकडा वाचला. एकशे चारच. एका आठवड्यात चार किलो! मी आडतीवरच भावाला चहा सांगायला लावला आणि सगळ्या हमालांना पाजला. संध्याकाळी घरी खापरावरचे मांडे झाले होते, त्यातला एक अख्खा मी खाल्ला. पुरणाचा, तुपात भिजवलेला. पुढचे दोन तास मोरीत काढले, पण मन प्रसन्न होतं.

पुढच्या सोमवारी आबा आले. मी पाट्यावर चढताच म्हटलं, "आबा, काटा बिघडला होता का तुमचा? तुम्ही नव्हता तर चार किलो उतरले."

आबा वजन नुसतं इकडे तिकडे सरकवत राहिले. मला शाळेतली सवय, मुलगा असा चाळा करत राहिला की काहीतरी केलेलं असतं. मी पाट्यावरून उतरले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"खोटं नही बोलनू माय," आबा म्हणाले. "राखी ठेवं व्हतं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या दोन महिन्यांत मी खरोखरच भराभर उतरत होते, एकेका आठवड्याला चार चार किलो. आबा त्यातले थोडे सांगायचे, थोडे हातचे ठेवायचे. त्यांनी पोतं कधी खोटं मोजलं नव्हतं. पण माझं तोंड बघून त्यांना वाटलं, ही आज चार किलोनं नाचेल आणि ज्या दिवशी काही उतरणार नाही त्या दिवशी घरी जाऊन जेवायला बसेल. तो दिवस येणार हे त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण आला. संक्रांतीपासून मी हललेच नव्हते.

"आठ आठवडा व्हयनात, काटा हालनाच नही," आबा म्हणाले. "तुले अर्धा अर्धा देत ऱ्हायनू. आते मनाजोडे शिल्लक काही नही."

मला संताप आला. गणिताच्या बाईला आकड्यात फसवलं! डॉक्टरला मी इमानेइतबारे पोस्टकार्डं पाठवत होते आणि तो बिचारा 'छान, असेच चालू ठेवा' असं उलट टपाली लिहीत होता, तेही कशावर, तर आबांच्या मनावर. मी आबांना तोंडाला येईल ते बोलले. "झुकतं माप द्यायचं तर गिऱ्हाइकाला द्या," म्हटलं, "माझ्यावर कसले उपकार?" आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मी रिक्षा करून घरी आले आणि रडले. चार किलो हाती लागल्याचं सुख कुठल्या कुठे गेलं होतं. आठ आठवडे. मुगाचं पाणी, वाटीभर भात, शेवटचं पान, आणि उतरलं काय, तर शून्य. अखाजीला सहा आठवडे राहिले होते. हत्ती गेला होता आणि शेपूट अडकलं होतं, तीन किलोंचं.

त्या रात्री मी ताट वाढून घेतलं. भाकरी, भाजी, भात, सगळं. आणि त्या ताटासमोर बसून मला वेगळंच काहीतरी सुचलं, सुचलं म्हणजे त्याचा रागच आला. आठ आठवडे काही उतरत नव्हतं आणि तरी मी केलं होतं. म्हणजे न उतरता करायचं कसं, हे मला येत होतं की! मला फक्त माहीत नव्हतं. मग नवव्या आठवड्याला काय धाड भरली? ताट मी झाकून ठेवलं. सकाळी कामवाल्या बाईनं नेलं.

सोमवारी मी परत आडतीवर गेले. आबांना म्हटलं, "आता मी दांडीकडे तोंड करून उभी राहणार."

"ऱ्हाय," आबा म्हणाले.

दांडीवर एकशे चार. पुढच्या सोमवारी एकशे चार. त्याच्या पुढच्या सोमवारीही. आबा आकडा सांगतसुद्धा नव्हते, आम्ही दोघं मिळून नुसते बघायचो. त्यांचाच जीव खालीवर व्हायचा. मग एका सोमवारी एकशे तीन. मग एकशे दोन. अखाजीच्या आदल्या दिवशी यार्डाला सुट्टी होती, तरी आबा किल्ली घेऊन आले. दांडी सरळ झाली तेव्हा आकडा होता एकशे एक.

"बारदान वजा," आबा म्हणाले.

"झुकतं नको, आबा."

"सरळ शे. बघ तूच."

मी वाकून, डोळे फाडून बघितलं. दांडी सरळ होती. साडी वजा जाता एक क्विंटल, ना मासा इकडे, ना मासा तिकडे.

दुसऱ्या दिवशी आडतीमागच्या निंबाला झोका बांधला. दोर नेहमी आबाच बांधायचे. बहिणी, भाच्या, भावाच्या लेकी, सगळ्या जमल्या होत्या. माझी पाळी नसतेच, हे सगळ्यांना इतकं पाठ होतं की मी पुढे झाले तेव्हा सगळ्या मागे सरकल्या, धक्का द्यायला जागा करून. मी म्हटलं, "मला बसायचंय." आणि भावाकडे वळून म्हटलं, "शंभर आहे. एक क्विंटल. दोराला चालेल ना?"

भाऊ हातात सरबताचा ग्लास घेऊन उभा होता. "कसला क्विंटल?"

"तू म्हणाला होतास. दोर एका क्विंटलचाच आहे म्हणून."

"मी? कधी?"

मी सांगितलं. साल, पोरी, माझा परकर, सगळं. त्यानं मनापासून आठवून पाहिलं. बिचाऱ्याला काहीच आठवेना. बावीस वर्षं मी ज्या आकड्याच्या मागे होते, तो त्यानं त्याच संध्याकाळी विसरून टाकला होता. "अगं, चेष्टा केली असेल," तो म्हणाला, आणि आबांना विचारलं, "आबा, हा दोर कितीचा आहे?"

आबांनी गाठ ओढून बघितली. "हाऊ? चार क्विंटल पेलस."

म्हणजे एकशे अडतीसचीही मी बसू शकले असते. गेल्या वर्षी, त्याच्या आधी, दर वर्षी. मला रडूही आलं, हसूही आलं आणि ग्लास घेऊन भावाच्या डोक्यात घालावासाही वाटला. पण झोका समोर होता. मी बसले. फांदी करकरली, दोर ताणला गेला, आणि कुणीही उतर म्हणालं नाही.

मागे आबा आले. त्यांनी दोन्ही दोर धरून मला मागे ओढलं, पोतं उचलतात तसं हुं करून, आणि सोडताना म्हणाले,

"लाभ!"