दगडी हत्तींच्या पोटातली माणसं

राक्षस-जादूगारांची पुस्तकं म्हणजे पोरखेळ, असं कुणी म्हणालं की अजून माझं डोकं सणकतं. वाद घालत नाही मी, उठून चहा टाकते. पण मनात म्हणते, बाबा रे, तू आमच्या आप्पांना ऐकलं नाहीस.

आमचं गाव श्रीगोंद्याजवळ. एकाहत्तर साल सरत आलं होतं आणि मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. दादा, माझा थोरला भाऊ, नगरच्या छावणीत रणगाडा चालवायला शिकला होता आणि दिवाळीनंतर सरहद्दीवर गेला होता. घरात उरलो आई, आप्पा आणि मी. आप्पा स्वतः जुने शिपाई, ब्रह्मदेशच्या लढाईत जाऊन आलेले. डावा कान तिकडंच ठेवून आले होते म्हणा ना, त्या कानानं काही ऐकू यायचं नाही. पण त्या लढाईविषयी त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. आईनं विचारलं की म्हणायचे, "लई पाऊस हुता." बस्स, एवढंच.

लढाई पेटली तसं सगळं गाव चावडीवरच्या रेडिओपाशी जमायला लागलं. आप्पा गेले नाहीत. म्हणाले, "रेडू जिकल्याचं सांगतो. कुनाचं पोरगं कुठं हाय ते सांगत न्हाई." आईचं तर अन्नावरचं मनच उडालं. चतकोर भाकरी मोडायची आणि ताट सारायची. दिवेलागणीला ज्वारी निवडायला बसली की सुपात खडे कमी आणि उसासे जास्त. मला ते सोसवेना. तालुक्याच्या वाचनालयातून मी एक जाडजूड कादंबरी आणली होती. तीन राजपुत्र, एक मायावी आणि त्यानं बळकावलेलं राज्य. तीच मोठ्यानं वाचायला लागले. म्हटलं, तेवढाच दोघांचा जीव रमेल.

आता झालं असं, की आमच्या घरात मोठ्यानं वाचायची ती फक्त पोथी. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. वाचणारा ओवी वाचून थांबायचा आणि आप्पा तिचा अर्थ सांगायचे. अर्थ सांगावा तर आप्पांनीच, असं गाव म्हणायचं. तेव्हा मी पहिलं पान वाचून दम घ्यायला थांबले आणि आप्पांनी सवयीनं अर्थ सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी बघते तर आईनं पुस्तक पाटावर ठेवलेलं, वर हळदकुंकू वाहिलेलं!

"अगं आई, वाचनालयाचं पुस्तक आहे ते!" मी कपाळावर हात मारून घेतला.

"असू दे की. पोथी ती पोथी," आई म्हणाली. तिला अक्षरओळख नव्हती. आप्पांनी अर्थ सांगितला म्हणजे ते खरं, एवढं तिला पुरत होतं.

मला हसू आवरत नव्हतं. पण ते फार टिकलं नाही. राजपुत्र एका रानात शिरतात. तिथं अंधार पडला की झाडं ओळखीच्या आवाजात हाका मारतात. मी थांबले. 

"हे खरं हाय," आप्पा म्हणाले. "जपानी रातचं आपल्या हिंदुस्तानीत हाका मारायचं. 'भाई, पानी दे.' माझ्या शेजारच्या खड्ड्यातला उठला. मी त्याची तंगडी धरली हुती. सुटली."

आईचा हात सुपात तसाच राहिला. एवढ्या वर्षांच्या संसारात ती हे पहिल्यांदा ऐकत होती. मग रोज तेच सुरू झालं. राजवाड्यावरून विजयाची दवंडी पिटली की आप्पा म्हणायचे, "हा रेडू." राजपुत्राचा घोडा चिखलात रुतला की त्यांना त्यांची खेचरं आठवायची, त्यांच्या पाठीवरचे व्रण आठवायचे. कादंबरी लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनी नसेल इतकं त्या कादंबरीत निघत होतं.

मग आले दगडी हत्ती. थोरल्या राजपुत्राचे सैनिक दगडी हत्तींच्या पोटात बसून मायावीच्या मुलखात शिरतात आणि हत्तींच्या सोंडांतून आगीचे गोळे सुटतात. इथं अर्थ सांगायची गरजच पडली नाही. "आपला दादा!" म्हणून आई सूप सारून पुढं सरकली. पण पुढच्याच पानावर मायावी एक जळता पक्षी सोडतो. तो एका हत्तीवर जाऊन बसतो आणि हत्ती आतून लाल होतो. प्रकरण तिथंच संपत होतं. पोथी वाईट जागी थांबवायची नसते, म्हणून मी घाईघाईनं पान उलटलं, तर तिथं धाकट्या राजपुत्राची भलतीच कथा.

"आतल्या मानसांचं काय झालं?" आईनं विचारलं. मला नाही, आप्पांना.

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"उड्या टाकल्या त्यांनी," ते म्हणाले. "खाली वढा हुता. समदी वाचली."

"बघ!" आई मला म्हणाली. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

लढाई जिंकली. चावडीवर साखर वाटली, आईनंही घरोघर जाऊन वाटली. तिची साखरेची वाटी अजून फडताळात होती तोवर दादा गेल्याची तार आली. मागोमाग त्याच्या पलटणीतला एक जवान त्याची ट्रंक घेऊन आला. रणगाडा पेटला म्हणाला. आणण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी भिंतीवर डोकं आपटून रडले. आई रडली नाही. तिनं त्या जवानाला चहा दिला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाबा, तुला नीट ठावं न्हाई. त्यानं उडी टाकलीया. खाली वढा हुता." तो बिचारा माझ्याकडं बघायला लागला.

भावकी जमली, दहाव्याचं बोलणं निघालं, तर आई उंबऱ्यात आडवी. "जित्या पोराचं दहावं घालता? आदी पोथी पुरी हुऊ द्या." सुतकात पोथी वाचत नाहीत, पण आईच्या लेखी सुतक नव्हतंच. ती रोज दादाच्या वाट्याची भाकरी थापायची आणि ती दुसऱ्या दिवशी गाईपुढं जायची. मला आप्पांचा असा संताप आला! म्हटलं, तुम्हीच घातलंत ना तिच्या डोक्यात? आता तुम्हीच काढा. आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "वाच. पुरं कर."

वाचलं. शेवटच्या प्रकरणात मायावी मरतो. तो मरतो त्या क्षणी रणातले सगळे दगडी हत्ती दुभंगतात, लाल झालेला तोसुद्धा, आणि त्यांच्या पोटातली माणसं डोळे चोळत बाहेर येतात. चालत आपापल्या गावी जातात. आया दारात उभ्या असतात. शेवटची ओळ वाचून थांबले.

आई आप्पांकडं वळली. "सांगा," ती म्हणाली. "अर्थ सांगा."

खरं सांगते, मी मॅट्रिक झालेली, तार स्वतः वाचलेली, पण त्या घटकेला मलाही वाटत होतं, सांगा आप्पा. आले बाहेर म्हणा. येतोय म्हणा. खोटं तर खोटं.

आप्पांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि मिटलं.

"याला अर्थ न्हाई," ते म्हणाले. "ही नुसती गोष्ट हाय. पेटल्यावर आतलं कुनी बाहीर येत न्हाई. मी बघितलंय."

आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मग तवा का न्हाई सांगितलं?"

"तू जेवत नव्हतीस," आप्पा म्हणाले.

तेव्हा आईनं हंबरडा फोडला.