द्राक्षांसाठी मक्याचा वायदा

गंगापूर रोडवरच्या द्राक्ष बागायतदारांच्या एका निर्यात संस्थेत मी बारा वर्षं व्यवस्थापक होतो. व्यवस्थापक म्हणजे पत्रं लिहिणारा, फॅक्स लावणारा आणि चेअरमन बोलत असताना मान डोलावणारा माणूस. नव्वदच्या दशकात चेअरमन एकदा हॉलंडला जाऊन आले. त्या आठ दिवसांच्या भांडवलावर त्यांनी पुढची सगळी वर्षं काढली. विषय फवारणीचा असो की पेटीच्या पुठ्ठ्याचा, सुरुवात ठरलेली : "आम्ही रॉटरडॅमला असताना..." तिथे त्यांनी पाहिलं काय, तर बंदर, एक शीतगृह आणि हॉटेलातला नाश्ता. दौऱ्याचा अहवाल मीच लिहिला होता.

आमच्या धंद्यात माल आधी जायचा, भाव नंतर कळायचा. कंटेनर तीन-तीन आठवडे समुद्रावर. तेवढ्यात चिलीची द्राक्षं तिकडे उतरली की भाव बसायचा, युरो घसरला की उरलंसुरलंही जायचं. मग खरेदीदाराचं पत्र यायचं : बाजार मंद, माल मऊ, वजावट सोबत जोडली आहे. चेअरमन ते वाचून दाखवायचे आणि गारपीट झाल्यासारखे हात वर करायचे.

दोन हजार सालानंतर शेतमालाचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आजच होणारे सौदे, संगणकावर आले. मुंबईच्या एका हॉटेलात तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन चेअरमन परतले ते 'हेजिंग' हा शब्द घेऊनच. महिनाभरात त्यांनी तिथल्याच एका तज्ज्ञाला नाशकात बोलावलं. गळ्यात टाय, हातात लेझरचा लाल ठिपका. त्यानं दोन तास मक्याचं उदाहरण देऊन समजावलं की आज वायद्यात विकून ठेवलं तर उद्या भाव पडला तरी झळ बसत नाही.

वणीकडच्या एका बागायतदार बाई उठल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे बाईच म्हणायचे.

"द्राक्षांचा वायदा कुठे होतो?"

"द्राक्षांचा होत नाही, मॅडम. पण तुम्ही तत्त्व समजून घ्या."

"म्हणजे आम्ही द्राक्षं पिकवायची आणि सौदा मक्याचा करायचा?"

सभागृह हसलं. चेअरमननी मागे वळून पाहिलं तसं ते गप्पही झालं. हसण्याइतकीही हिंमत आमच्यात टिकत नसे.

पुढच्याच आठवड्यात चेअरमनच्या केबिनमध्ये संगणक बसला आणि संस्थेच्या ठेवीतून मक्याचे, हरभऱ्याचे सौदे सुरू झाले. त्याला नाव दिलं 'जोखीम व्यवस्थापन समिती'. समितीत ते, त्यांचे मेहुणे आणि इतिवृत्त लिहायला मी. पहिल्या फायद्याला पेढे वाटले. नंतर भाव उलटा फिरला, तसं दलालाचे रोज फोन येऊ लागले, की आणखी पैसे भरा. चेअरमन दार लावून घेऊ लागले. एके दिवशी मला म्हणाले, "त्याला तोटा म्हणू नका. जोखीम व्यवस्थापन खर्च म्हणा." मी तसंच लिहिलं.

इकडे बाईंनी काढणीच्या तोंडावर शेजारचे अकरा बागायतदार गोळा केले आणि ऑफिसात येऊन सांगितलं, "पेटीमागे किमान भाव खरेदीदाराकडून लेखी आल्याशिवाय बागेत कात्री लागणार नाही."

"अहो बाई, असं जगात कुणी देत नाही! आम्ही रॉटरडॅमला असताना..."

"विचारलंत का कधी?"

विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत कधीच नाही.

"आणि त्यांनी माल घेतलाच नाही तर?"

"तर बेदाणा करीन. तुम्ही फॅक्स करा."

फॅक्स मी केला. तीन दिवस उत्तर नाही. चेअरमन रोज विचारायचे, "आला का तुमच्या बाईंचा भाव?" चौथ्या दिवशी आला. बाईंनी मागितला त्यापेक्षा थोडा कमी, पण सहीशिक्क्यानिशी. बाईंनी लगेच मला संस्थेच्या बँकेत पाठवून युरोचा दरही आगाऊ बांधून घेतला. मगच कात्री लागली.

त्या हंगामात तिकडचा बाजार पार झोपला. बाकीच्या सभासदांना वजावटीची पत्रं आली. त्या बारा जणांना ठरलेला भाव मिळाला.

वार्षिक सभेत चेअरमननी जाहीर केलं की संस्थेच्या हेजिंग धोरणामुळे बारा सभासद वाचले. टाळ्या झाल्या. मेहुण्यांनी शाल घातली. अहवाल मी वाचला, खणखणीत आवाजात.

बाई सभेला नव्हत्या. आठवड्यानं आल्या, इतिवृत्त मागितलं, उभ्यानंच वाचलं. पर्समधून लाल पेन काढून 'खर्च' या शब्दाभोवती गोल केला.

"हा शब्द चुकलाय. तोटा लिहा."

"चेअरमनसाहेबांना विचारून..."

"अक्षर कुणाचं आहे?"

मी इतिवृत्त मिटून कपाटात ठेवलं. शब्द बदलला नाही.

पुढच्या वर्षी त्या बारा जणांनी स्वतःचा गट काढून थेट निर्यात सुरू केली. आमची संस्था आणखी दोन हंगाम चालली, मग केबिनमधला संगणकही विकायला निघाला. मी वणीला जाऊन बाईंकडे नोकरी मागितली. त्यांनी चहा केला, घरच्यांची चौकशी केली.

"तुम्हाला काम येतं, हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही कुणीही सांगेल ते लिहिता. मला तसा माणूस नको."

मी चहा संपवला आणि एसटी स्टँडवर आलो. रागवावं म्हटलं, पण कुणावर ते सापडेना.