मानपत्रातली चेष्टा

काशिनाथ सुतार भर मांडवातून उठून चालू लागला, तेव्हा वकीलसाहेबांच्या घराची गॅलरी अजून टेकूवर उभी होती. तो टेकू त्यानंच काढायचा होता. समोर भोपाळहून आलेले मोठे साहेब बसले होते आणि त्यांची परतीची गाडी चारला होती. मानपत्र मी लिहिलं होतं.

मी तेव्हा बुऱ्हाणपुरात ओव्हरसियर होतो. वकीलसाहेबांचं घर पाच पिढ्यांचं. रस्त्याकडची लाकडी गॅलरी बाहेर झुकलेली. आमच्या बांधकाम खात्याची नोटीस आली: दुरुस्त करा, नाहीतर पाडू. वकीलसाहेबांनी कारागीर बोलावले. लाकडाला जैनाबादचा काशिनाथ, भिंतींना रमजान मिस्त्री, चुना मळायला गोदाबाई. देखरेख माझी. पहिल्याच दिवशी मी सिमेंट सुचवलं. गोदाबाई म्हणाली, "ओव्हरसियरभाऊ, ही भिंत ओल पिते आन् सोडते. सिमेंटानं तिचं नाक बंद होईल." मी पुन्हा सुचवलं नाही.

गॅलरीचा सगळा भार पेलणारं आडवं लाकूड म्हणजे तुळई. ती कुजली होती. काशिनाथनं नवी बसवली आणि जोड बसेपर्यंत खाली टेकू दिला. टेकूच्या तळाशी पाचरी ठोकलेल्या असतात. त्या एकेक करून, थांबत थांबत सैल करायच्या. घाई केली तर भार हिसक्यानं येतो आणि जोड उघडतो. साहेबांसमोर टेकू निघाला, गॅलरी जागची हलली नाही, की नोटीस रद्द, असं ठरलं होतं. त्याच कार्यक्रमात कारागिरांचे आभार मानायचं वकीलसाहेबांनी मनावर घेतलं. शेला, नारळ, मानपत्र.

राज्याची राजधानी नागपूरहून हलली आणि आम्ही नुकतेच भोपाळखाली आलो होतो. ऑफिसात हिंदीची परीक्षा लागली होती आणि मी ती चांगल्या मार्कांनी पास झालो होतो. बाजारातली हिंदी आमच्या गावात सगळ्यांनाच येते. मी पुस्तकातली लिहिली.

वकीलसाहेब चष्मा लावून वाचू लागले. "श्री काशिनाथ जी ने इस भवन को बचाने की चेष्टा की." काशिनाथनं मान वर केली. "उनकी यह चेष्टा पूरे नगर ने देखी." त्यानं रमजानकडे पाहिलं. "इस चेष्टा के लिए हम उनका सम्मान करते हैं."

काशिनाथनं शेला नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि निघाला.

मी मागे धावलो. "काशिनाथभाऊ, झालं काय?"

"सात महिने राबलो, ती चेष्टा होती का? आन् वरून गाव गोळा करून वाचून राहिले तुम्ही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हणालो, "अहो, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न."

"कोण बोलतं असं? रमजान, तू बोलतो का?"

रमजान मिस्त्री जागेवरूनच म्हणाला, "हम तो कोशिश बोलते हैं, भाई."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "टेकू ही है न? कोई भी निकाल दे." वकीलसाहेबांचे धाकटे भाऊ हातोडा घेऊन पुढे झाले.

"हात लावू नका त्याला," काशिनाथ फाटकातून म्हणाला. पण परत आला नाही.

गोदाबाई उठली. "वकीलसाहेब, कागद ठेवा बाजूला. तुम्हाले काय वाटते ते तोंडानं सांगा."

वकीलसाहेबांनी कागद खाली ठेवला. चष्मा काढला. मग म्हणाले, "काशिनाथ, ह्या गॅलरीत माझे वडील बसायचे. नोटीस आली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. घर वाचलं ते तुझ्यामुळं."

रमजान खाकरला.

"तुझ्यामुळं आणि रमजानमुळं."

गोदाबाई अजून उभीच होती.

"आणि गोदाबाईमुळं. तुम्हा तिघांना हात जोडतो." त्यांनी खरंच जोडले.

काशिनाथ दोन पावलं आत आला. "आन् तो शब्द कोणाचा होता?"

"माझा," मी म्हणालो.

"मग ठीक. मला वाटलं वकीलसाहेबांचा."

त्यानं धोतर खोचलं आणि टेकूपाशी बसला. एक पाचर सैल, थांबला. दुसरी, थांबला. वर कान देऊन ऐकत होता. एकदा लाकूड कुरकुरलं आणि चिमूटभर माती साहेबांच्या टोपीवर पडली. साहेब खुर्चीसकट मागे सरकले. मग काशिनाथनं टेकू उचलून खांद्यावर घेतला. गॅलरी होती तिथेच होती.

साहेबांनी तिथल्या तिथे नोटीस रद्द केली. गाडीही त्यांना मिळाली. मानपत्रं मात्र तिघांपैकी कोणीही नेली नाहीत.

पुढे नोकरीत मला पुष्कळ मानपत्रं लिहावी लागली. छापायला देण्याआधी, ज्याचा सत्कार त्यालाच मी मजकूर वाचून दाखवत असे. त्यात आश्चर्याची मजा जाते, पण माणूस शेवटपर्यंत खुर्चीवर बसून राहतो.